अर्जातली बंदी माता

मी कारागृहात शिपाई आहे. हे मी कुणालाही मान वर करून सांगते. आमच्या घरात दहावीपुढे कुणी गेलं नव्हतं. मी बी.ए. झाले, तेही रोज एस.टी.ने जाऊन-येऊन, आणि भरतीच्या मैदानावर धावताना माझ्या पुढे फक्त दोघी होत्या. बाबा होडीवर जायचे, आई बाजारात मासळी विकते. वर्दी घालून पहिल्यांदा घरी गेले तेव्हा आईने माझ्या खांद्यावरची पट्टी बोटांनी दाबून बघितली. मासळी ताजी आहे का बघतात ना, तशी. मग म्हणाली, "खरी हाय गो."

ही नोकरी मी सोडायला निघाले होते. ती कशी राहिली, ते लिहून ठेवते.

आमचं कारागृह समुद्राच्या अंगाला आहे. दगडी भिंत, खारा वारा, कड्याकुलपं सारखी गंजतात. महिला शिपाई आम्ही पाचजणी. पहाटे साडेपाचला हजेरी, सहाला बराकी उघडायच्या, संध्याकाळी बराकी बंद झाल्याशिवाय घर नाही. मधे जेवायला सुट्टी असते, पण माझं घर किहीमच्या बाजूला. जाऊन यायला ती पुरत नाही. मोबाईल फाटकावर जमा करायचा. आत गेलं की बाहेर काय चाललंय ते बाहेर आल्यावरच कळतं.

माझी मुलगी पंधरा महिन्यांची होईपर्यंत सासूबाई तिला बघत होत्या. मग त्या अंगणात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. नवरा बंदरावर ट्रेलर चालवतो, चार-चार दिवस घरी नसतो. आई दिवस उगवायच्या आधी बंदरावर मासळी घ्यायला जाते, तिचा धंदा बुडवून ती किती दिवस थांबणार? मी बालसंगोपन रजा थोडी थोडी करून घेतली. ती संपत आली. ड्युटीच्या दिवशी शेजारच्या घरी ठेवून बघितलं, मुलगी दिवसभर रडायची. अजून अंगावर पीत होती. दुपारी माझी छाती भरून यायची, वर्दी ओली व्हायची, आणि मी फाईल छातीशी धरून बराकीत उभी राहायचे.

बराकीत त्या वेळी एक बंदी बाई होती, तिची केस सुरू होती. तिच्याबरोबर तिचा दोन वर्षांचा मुलगा. कायदा तसा आहे. आई आत असेल तर सहा वर्षांपर्यंतचं मूल तिच्याजवळ राहू शकतं. त्याला रोज दूध येतं, अंडं येतं, शिकवायला बाई येते. त्याच्या दुधाच्या वहीत सही करायचं काम माझं. चांगला नियम आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण सही करताना पेन थांबायचं.

एका रविवारी माहेरी गेले होते. आई अंगणात जवला, म्हणजे बारीक कोळंबी, वाळत पसरत होती. मुलगी माझ्या मांडीवरून उतरेना. आईने मान वर न करताच विचारलं, "तू चोरांची राखन करतंस, नं पोरीची कोन करल गो?"

"आय, टोमणे नको मारूस."

"टोमना न्हाय. इचारतंय." मग स्वतःच बोलत राहिली. "आमी कशा केल्या? धा जनी जवला पसराच्या, एक जनी सावलीत बसाची. सगल्यांची पोरां तिच्याजवल. उद्या दुसरी. तुमी शिकलेल्या, तुमाला एवरं न्हाय सुचत?"

सुचलं नव्हतं, हे खरं आहे.

नवरा म्हणाला, "सोड नोकरी. माझ्या ट्रेलरवर भागेल आपलं." तो प्रेमानेच म्हणाला. मी मनातल्या मनात राजीनामा लिहून बघितला. मराठी चांगलं होतं, पण सहीच्या जागी येऊन अडायचं. माझ्या नावापुढे 'शिपाई' लागलं म्हणून गावातल्या तीन मुलींनी भरतीचा फॉर्म भरला होता. त्यांना काय सांगू, पोर झालं की घरी बसायचं म्हणून?

रजेचे वीस दिवस उरले होते तेव्हा मी अर्ज करायचं ठरवलं. कारागृहाच्या आवारात, मुख्य फाटकाच्या बाहेर पण आवाराच्या भिंतीच्या आत, एक खोली मिळावी; तिथे मुलीला ठेवायची, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत तरी जाता येईल. कचेरीतल्या लिपिक भाऊंना विचारलं, अर्ज कसा करायचा?

"नमुना आहे ना ताई. 'अपत्यास सोबत ठेवण्याबाबत'. कॉम्प्युटरमध्ये पडलाय. नाव बदला, तारीख बदला, झालं."

मी पदवीधर. मला कशाला कुणी तपासून द्यायला पाहिजे? मी नाव बदललं, तारीख बदलली, पहिला परिच्छेद नवा लिहिला, आणि छापून सही ठोकली. तो नमुना कशाचा आहे हे माझ्या लक्षात आलं नाही. तो बंदी बायकांच्या मुलांसाठीचा होता. दुसरा परिच्छेद जसाच्या तसा राहिला: 'सदर बंदी माता हिचे अपत्य अल्पवयीन असून त्याचा सांभाळ करणारे बाहेर कोणीही नाही. सबब, अपत्यास बंदी मातेसोबत ठेवण्यास परवानगी मिळावी.' खाली माझं नाव. पुढे कंसात, शिपाई.

दुसऱ्या दिवशी फाटकातून आत आले तर फाटकावरचे हवालदार काका सलाम ठोकून उभे. माणगावकडचे, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं, थट्टा केल्याशिवाय ज्यांना चहा उतरत नाही असा माणूस.

"या, या! ताई, बराक कुठली देऊ? समुद्राची हवा येते ती देऊ का?"

मला काही कळेना. माझ्याबरोबरची मुरुडची शिपाई हसू दाबत होती. ही माझी या नोकरीतली मैत्रीण; तिचा तीन वर्षांचा मुलगा मुरुडला तिच्या अम्मीकडे असतो आणि ही त्याला साप्ताहिक सुट्टीला भेटते. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, "अगं, तू अर्जात स्वतःला आत टाकलंयस."

त्या दिवशी मला जी लाज वाटली, ती धावताना पडले असते तरी वाटली नसती. ज्या भाषेत मी पदवी घेतली त्याच भाषेत मी तोंडघशी पडले होते. दुपारी अधीक्षक साहेबांनी बोलावलं. टेबलावर माझा अर्ज, 'बंदी माता' या शब्दांभोवती लाल पेन्सिलीचं गोल. लिपिक भाऊ कोपऱ्यात जमिनीकडे बघत उभे.

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "तुम्हाला कोणत्या कलमाखाली आणलंय?"

लिपिक भाऊंना हसू आवरेना. मला खरं तर माफी मागायची होती, तीच तोंडात तयार होती. पण बाहेर भलतंच आलं.

"साहेब, चूक झाली. कलम माहीत नाही. पण पहाटे आत येते, दिवस मावळल्यावर बाहेर जाते. फोन फाटकावर. पोरीची भेट नाही. बराकीतल्या बाईचं पोर तिच्या कुशीत झोपतं, त्याच्या दुधावर मी सही करते. माझं पोर लोकांच्या ओटीवर रडतं. मग चूक झाली ती कितीशी झाली, ते तुम्हीच सांगा."

लिपिक भाऊंचं हसू थांबलं. मला वाटलं, आता राजीनामा लिहायची गरजच उरली नाही.

साहेबांनी अर्ज उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "परत लिहा," ते म्हणाले. "'बंदी' काढा, 'कर्मचारी' घाला. आणि एकट्या मुलीसाठी मागू नका. एकटीसाठी मागाल तर एकटीला नाही म्हणणं सोपं असतं. सगळ्यांची मुलं लिहा."

"आणि हा अर्ज, साहेब? फाडून टाकू?"

"आवक नंबर पडलाय त्यावर. तो आता माझ्या फाईलीत राहणार."

सगळ्यांच्या सह्या घ्यायला मी फिरले. मुरुडच्या मैत्रिणीने पहिली सही केली, पेन कागदात रुतेल अशी. पुरुष शिपायांनी आधी मजा घेतली. "आमच्याकडे बायको आहे ना घरी." एकाने मात्र कुणी बघत नाही असं बघून सही केली, त्याची बायको दवाखान्यात नर्स, दोघांच्या ड्युट्या एकाच वेळी लागल्या की लेकीला शेजारी सोडायचा. हवालदार काकांनी सही केली नाही. "माझी पोरं कधीच मोठी झाली. आता कारागृहात दुपटी वाळवणार का तुम्ही?"

साहेबांनी दोन महिन्यांची मुभा दिली. दोन महिन्यांनी वरिष्ठ साहेब तपासणीला येणार होते, कायमचं हो की नाही ते तेच ठरवणार. तोवर काही वावगं झालं तर त्याच दिवशी कुलूप. अट एकच, पण कडक. या कामाला एकाही बंद्याचा हात लागता कामा नये. झाडू मारायलासुद्धा नाही. "उद्या कुणी म्हणायला नको, कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या पोरांसाठी बंदी राबवले म्हणून." हे मला मनापासून पटलं.

खोली मिळाली ती जुनं धान्याचं कोठार. आत मोडकी टेबलं, गंजलेल्या बादल्या, आणि उंदीर तर असे धीट की आम्ही आत गेल्यावर त्यांनीच आमच्याकडे वैतागून बघितलं. साप्ताहिक सुट्ट्या घालवून आम्ही ती धुतली. कर्मचारी कल्याण निधीतून मुलं सांभाळायला एक मावशी ठेवता आल्या, आमच्याच एका दिवंगत शिपायाच्या पत्नी. पण मुलं नऊ झाली आणि मावशी एकट्या. एक रांगतं धरेपर्यंत दुसरं दारात. तेव्हा मला अंगणातला जवला आठवला. मी पाळीचा तक्ता केला. जो ड्युटीवरून सुटेल त्याने घरी जायच्या आधी एक तास खोलीत बसायचं. वर नाव दिलं 'राखण'. आमच्या नोकरीला दुसरा शब्द तरी कुठे आहे?

खोलीपुढे ओटा होता आणि ओट्यापुढे थेट गाड्यांचा रस्ता. लोखंडी जाळीला मंजुरी, निविदा, सहा महिने. मी बाबांना फोन केला. बाबा आयुष्यात कधी कारागृहाच्या दारात आले नव्हते. ते आले तेव्हा चप्पल बाहेर काढायची का विचारत होते. फाटकावर हवालदार काकांनी वहीत नाव लिहायला पेन पुढे केलं, तर बाबांनी अंगठा पुढे केला. मी पटकन म्हणाले, "मी लिहिते." आणि बाबांचं नाव माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं, 'कामाचे स्वरूप' या रकान्यात लिहिलं, जाळे विणणे.

बाबांनी ओटा हाताने मापला. "जालं कवरं पायजे? पोरगा निसटाचा न्हाय, पन वारा निसटाला पायजे."

"असंच."

दोन दिवसांत जुन्या नायलॉनच्या जाळ्याचा पडदा ओट्याच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत बसला. गाठी अशा की ओढून बघा. उरलेल्या तुकड्याची एक झोळी केली, आत जुनी गोधडी. हवालदार काका खुर्ची ओढून शेजारी बसले होते, ही गाठ कशी ती कशी विचारत. जाताना बाबा मला म्हणाले, "तो मानूस चांगला हाय. नुसता टिंगल करतो."

तिसऱ्या दिवशी काका आपणहून खोलीत आले. "तुम्हाला पोरं सांभाळता येतात, मोजता येत नाहीत. गिनती कोण घेतं इथे?" आणि पाळीच्या तक्त्यावर स्वतःचं नाव घातलं.

आता गिनतीचं सांगायला पाहिजे. आत सकाळ-संध्याकाळ बंद्यांची मोजणी होते, तिला गिनती म्हणतात. सगळ्यांना दोन-दोनच्या जोड्यांनी बसवायचं आणि जोड्या मोजायच्या. एक उरला तर तो शेवटी एकटा बसतो. आकडा वहीशी जुळला की 'टोटल बरोबर' असा पुकारा. जुळला नाही तर फाटक बंद. मग बाहेर कुणीही येवो, उघडायचं नाही. तीस वर्षं काकांनी हेच केलं होतं. त्यांनी मुलांनाही जोड्यांनी बसवायला सुरुवात केली आणि मुलांना तो खेळ वाटायला लागला. खिचडी, मग जोडी, मग "टोटल बरोबर!" तीन वर्षांचा मुरुडकर तर सगळ्यांच्या आधी ओरडायचा. हो, मैत्रिणीने त्याला अम्मीकडून आणला होता. आई-लेकरू क्वार्टरमध्ये राहायला लागले होते, आणि ती बाई दोन महिन्यांत चार वर्षांनी तरुण झाली होती. माझी मुलगी मात्र कुणाच्या शेजारी बसायची नाही. नऊ मुलं, चार जोड्या, ती एकटी.

तपासणीचा दिवस आला. खोली चकचकीत, मावशी इस्त्रीच्या साडीत, मुरुडची मैत्रीण आवाराच्या फाटकावर पहाऱ्याला. मी खोलीच्या दारात. अकराला गाडी येणार. पावणेअकराला काकांनी गिनती घेतली. एक जोडी, दोन जोड्या, तीन, चार. आठ.

पुन्हा घेतली. आठ.

काकांचा चेहरा उतरला आणि तोंडातून तीस वर्षांची सवय बाहेर पडली. "टोटल बसत नाही!" फाटकापर्यंत ऐकू जाईल असा आवाज. फाटकावर मैत्रिणीच्या हातालाही तीच सवय. तिने कडी घातली.

आणि त्याच वेळी बाहेर वरिष्ठ साहेबांची गाडी येऊन उभी राहिली. हॉर्न वाजला.

नववी माझीच मुलगी होती. झोळी रिकामी. टेबलाखाली नाही. जाळीला हात लावला, जाळी शाबूत. एक गाठ सुटली नव्हती. म्हणजे ती आतच आहे, एवढा विश्वास मला बाबांच्या हातावर होता, आणि त्या जाळीला धरूनच मी उभी राहिले.

फाटकावरचं बोलणं मला नंतर मैत्रिणीने सांगितलं. वरिष्ठ साहेब खाली उतरून फाटकाशी आले.

"का उघडत नाही?"

"सर, टोटल बसत नाही."

"आतली?"

"नाही सर. पोरांची."

साहेबांनी म्हणे ड्रायव्हरला हॉर्न बंद करायला सांगितलं. मग म्हणाले, "मग उघडू नका," आणि गाडीच्या सावलीत जाऊन उभे राहिले.

इकडे मावशी एकदम म्हणाल्या, "हवालदार, मागं बघा हो."

काका वळले. त्यांच्याबरोबर त्यांच्या बुटाची नाडी वळली आणि नाडीबरोबर माझी मुलगी. ती त्यांच्या मागे बसून एका बुटाची नाडी पूर्ण सोडवून दुसरीला लागली होती. जोड्यांची रांग काकांच्या पुढे. एकटा बंदी नेहमी रांगेच्या शेवटी असतो, पाठीमागे नसतो. तीस वर्षांत त्यांना मागे बघायची वेळच आली नव्हती.

काकांनी तिला उचलून दोन्ही हातांनी वर धरली आणि असे ओरडले की बराकीतसुद्धा ऐकू गेलं असेल. "टोटल बरोबर! नऊ! उघडा फाटक!"

वरिष्ठ साहेब आत आले तेव्हा काकांची नाडी जमिनीवर लोळत होती, मी डोळे पुसत होते, आणि मुरुडकर आपल्या जागेवरून "टोटल बरोबर" चालूच ठेवत होता. आमचे अधीक्षक साहेब पांढरे पडले होते. बोलायला मी पुढे झाले. काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं, लपवलं काही नाही. साहेबांनी वही मागितली. दोन महिन्यांच्या गिनतीची पानं उलटली. राखणीचा तक्ता वाचला. जाळीला बोट घालून ओढून बघितली.

"कुणाच्या ठेक्यातली?"

"माझ्या वडिलांनी विणलीय, साहेब."

"बरं." मग काकांकडे वळून, "हवालदार, आजची नोंद काय कराल?"

काका सावधान. "साहेब, पहिली गिनती चुकीची. चूक मोजणाऱ्याची. पोरं बरोबर होती."

साहेब हसले नाहीत, पण जाताना त्यांनी वाकून माझ्या मुलीच्या हातातली नाडी हळूच सोडवून काकांना दिली.

तीन आठवड्यांनी आदेश आला. अधीक्षक साहेबांनी तो मला वाचायला दिला, मोठ्याने. मी खणखणीत वाचला. 'कर्मचारी पालकांच्या मुलांसाठी आवारातील पाळणाघर कायमस्वरूपी सुरू ठेवण्यास मान्यता देण्यात येत आहे.' पालक. माता नाही, नुसतं पालक. पुढच्या आठवड्यासाठी मंजूर करून घेतलेली चार दिवसांची रजा मी त्याच दिवशी अर्ज करून रद्द केली. हा अर्ज मी कोऱ्या कागदावर हाताने लिहिला, आणि दिल्यावर लिपिक भाऊंनी दोन्ही परिच्छेद नीट वाचले. आपण कशाला रागवायचं?

जुना अर्ज अजून फाईलीत पहिल्या पानावर आहे, लाल गोलासकट. तपासणीला येणारा प्रत्येक जण फाईल उघडली की आधी हसतो. मग पुढची पानं वाचतो.

आदेशानंतरच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी मी हजेरीआधी मुलीला खोलीत सोडायला गेले तर ओट्यावर तो नर्सचा नवरा उभा. तोच, चोरून सही करणारा. आता वर्दीत, खांद्यावर लेक, एका हातात दुधाची बाटली, आणि सगळे शिपाई बघताहेत याची त्याला काही पडलेली नाही. "पालक लिहिलंय ना आदेशात?" तो मला म्हणाला. "मी पालक."

दुपारच्या सुट्टीत खोलीत गेले तेव्हा काका गिनती घेत होते. हल्ली ते आधी मागे बघतात. माझी मुलगी नव्या मुलीच्या शेजारी चिकटून बसली होती, तिच्या फ्रॉकची गाठ सोडवत. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "घ्या. मिळाली तुमच्या बंदीणबाईला जोडी."

मग बोट पुढे करून मोजलं. पाच जोड्या. दहा.